प्लाझ्मोलिसिसचं प्रॅक्टिकल आणि आमचे मामा

प्रयोगशाळेची तयारी सांभाळणाऱ्या मामांना सप्रेम नमस्कार.

जर्नलवर सही शिक्षकांची होते, पण प्लाझ्मोलिसिसचं (तीव्र द्रावणात पाणी गमावून पेशीचा आतला भाग आकसण्याचं) रीडिंग बरोबर येणार की नाही, हे तुमच्या टेबलावर ठरतं. म्हणून हे जाहीर आभार.

सगळ्यात आधी द्रावणांबद्दल. एक मोलर (मोलर हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप) म्हणजे 100 मिलीला 34.2 ग्रॅम साखर, हे मुलांना पाठ असतं. आणि ती साखरेवर सरळ 100 मिली पाणी ओततात. आकारमान 120 मिलीपर्यंत जातं आणि द्रावण भरतं जेमतेम 0.83 मोलर. तुम्ही साखर आधी 60 मिली पाण्यात विरघळवता, मगच फ्लास्कच्या खुणेपर्यंत पाणी घालता. 0.1 ते 0.6 मोलरच्या सगळ्या बाटल्या त्याच सकाळी भरता, कारण पुण्याच्या एप्रिलमध्ये रात्रभर बाहेर राहिलेलं साखरेचं पाणी आंबायला लागतं.

मग ऱ्हिओची साल, म्हणजे या शोभेच्या झाडाच्या पानाचा सोललेला पातळ पापुद्रा. ह्यूगो द व्हरीस यांनी 1880च्या दशकात याच झाडाच्या सालीवर पेशीतला दाब मोजला होता. रंग रिक्तिकेत (पेशीतल्या रसाच्या पिशवीत) असतो, त्यामुळे पाणी बाहेर पडून आतला भाग आकसला की सूक्ष्मदर्शकाखाली तो वेगळा रंग न देताही कळतो. साल जांभळ्या बाजूचीच हवी, आणि हिरवा थर चिकटलेला नको. तुम्ही ती ताबडतोब पाण्यात टाकता, द्रावणात सोडण्याआधी टिपकागदावर टिपता आणि वॉचग्लास झाकता. पंख्याखाली उघड्या राहिलेल्या द्रावणातलं पाणी उडतं, 0.3 मोलरचं वागणं 0.4 सारखं होतं, आणि निम्म्या पेशी आकसल्याचा नेमका टप्पा, ज्यावरून पेशीतला दाब ठरतो, चुकीच्या बाटलीवर सापडतो. 27 अंशाला 0.3 मोलर म्हणजे साधारण 7.5 बार (दाबाचं एकक), एका बाटलीची चूक म्हणजे अडीच बारची चूक.

(मुलं आकृतीत भित्तिका (पेशीची बाहेरची भिंत) आणि आकसलेलं पटल (आतल्या भागाचं आवरण) यांच्यामधली जागा रिकामी काढतात. तिथे साखरेचं द्रावणच असतं, भित्तिका त्याला अडवत नाही. हे शिकवणं आमचं काम.)

पण खास आभार मधल्या वाटीचे. 0.6 मधली साल एकदम साध्या पाण्यात टाकली, तर पाणी इतक्या वेगाने आत शिरतं की काही पेशींचं पटल फाटतं आणि रंग बाहेर सांडतो. तुम्ही मध्ये 0.3 ची वाटी ठेवता. मॅन्युअलमध्ये ती नाही. पटल पुन्हा भित्तिकेला जाऊन टेकतं, पेशी ताठ होते. ती जिवंत होती याचा हा पुरावा मुलांना त्या वाटीमुळे दिसतो.

आपले,
वनस्पतिशास्त्राचे शिक्षक, पुणे