त्यांना ‘मातीचे ढिगारे’ म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जगभरातल्या प्राचीन दफनटेकड्यांवरचा लेख वाचला. विषय घेतलात, याचा आनंद झाला. मात्र लेखात जागोजागी ‘मातीचे ढिगारे’ असा शब्द आहे आणि निम्मी जागा सोन्यानाण्याला दिली आहे. माझी ३४ वर्षे मातीच्या भरावांच्या कामावर गेली. ढिगारा कशाला म्हणतात आणि भराव कशाला, हे मला चांगले ठाऊक आहे, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

नुसती ओतलेली माती दोन-चार पावसाळ्यांत खचते, कडांनी ओघळते, तिच्यात घळी पडतात. आयर्लंडमधली न्यूग्रेंजची टेकडी इ.स.पू. ३२०० च्या सुमाराची, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांहूनही जुनी. तिच्या पोटातल्या दालनावर सहा मीटर उंच छत आहे. चुना नाही, खरी कमान नाही. शिळांचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवत नेलेला. ते छत अजून गळत नाही! त्याचे कारण पुरातत्त्वज्ञ ओ’केली यांच्या उत्खननात कळले. दालनाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या छताच्या शिळांवर पाणी बाजूला काढण्यासाठी पन्हळी कोरल्या होत्या आणि सांध्यांत भाजलेली माती व समुद्राची वाळू ठासून भरली होती. त्या भरणीवरूनच पुढे बांधकामाचा काळ ठरवता आला. मी ज्या कामांवर होतो, त्यांतल्या एका धरणाच्या भरावाखालची मोरी पहिल्याच पावसाळ्यात सांध्यांतून झिरपू लागली. तिच्यापायी माझे तीन उन्हाळे गेले. त्यामुळे ती वाळू सांध्यात दाबणाऱ्या माणसाबद्दल मला किती आदर वाटत असेल, याची आपण कल्पना करू शकाल.

कोरियातल्या ग्योंग्जूच्या राजथडग्यांची रीत वेगळी. आधी लाकडी कोठडी, तिच्यावर दगडगोट्यांची रास, मग वर मातीचा भराव. लाकूड कुजले की गोटे आत ढासळतात आणि वाट बुजते. चोराने भुयार काढायला घेतले तर गोटे त्याच्याच अंगावर येणार. म्हणून १९७३ मध्ये सुमारे साडेबारा मीटर उंचीची एक टेकडी उघडली, तेव्हा भूर्जाच्या सालीवर रंगवलेला पांढरा घोडासुद्धा आत शाबूत होता. जपानमधली दाइसेन कोफुन ही चावीच्या भोकासारख्या आकाराची टेकडी तर ४८६ मीटर लांब आहे. ती उभारायला किती काळ लागला असेल, याचा एका बांधकाम कंपनीने हिशेब मांडला होता : जुन्या पद्धतीने, रोज दोन हजारांपर्यंत माणसे लावून १५ वर्षे ८ महिने.

आता सोन्याविषयी. सायबेरियाच्या अल्ताई पर्वतात पाझिरिकचे कुर्गान, म्हणजे दफनटेकड्या, आहेत. तिथले सोने चोरांनी फार पूर्वीच नेले. त्यांनी पाडलेल्या भोकातून पाणी आत उतरले आणि गोठले. त्या बर्फात १९४९ साली पुरातत्त्वज्ञ रुदेंको यांना दोन हजारांहून अधिक वर्षे जुना, विणलेला गालिचा मिळाला, घोडेस्वारांच्या आणि हरणांच्या रांगांसकट. चोरांनी तो टाकून दिला होता. आज जगभरची माणसे रशियातल्या हर्मिटाज संग्रहालयात जाऊन तोच पाहतात.

शब्दाबद्दल मी इतका आग्रही का, तेही सांगतो. अमेरिकेतल्या टेकड्या तिथल्या मूळ रहिवाशांच्या पूर्वजांनी उभारल्या असतील, हे एकोणिसाव्या शतकातल्या पुष्कळ गोऱ्यांना पटतच नव्हते. कोणत्या तरी लुप्त वंशाचे ते काम, असे सांगितले जाई. या टेकड्यांचा अभ्यास करणाऱ्या सायरस थॉमस यांच्या १८९४ च्या अहवालाने तो समज खोडून काढला. मिसिसिपी खोऱ्यातल्या काही टेकड्यांचा उभा छेद घेतला की मातीत वेगवेगळ्या रंगांचे ठिपके दिसतात : काळा, तांबूस, राखाडी. एक ठिपका म्हणजे एका माणसाने एका खेपेत आणून ओतलेली टोपली. घमेल्यांची रांग मी वर्षानुवर्षे पाहिली आहे. आमच्या भरावात कोणाचे घमेले कोणते, ते संध्याकाळपर्यंत रोलरखाली पुसून जाई. तिथे ते अजून ओळखू येते.

पुढच्या लेखासोबत सोन्याच्या मुकुटाऐवजी असा एखादा उभा छेद छापावा, थोडा मोठा, म्हणजे टोपल्या मोजता येतील.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता