फोन हिसकावला त्या रात्रीबद्दल

प्रिय मनू,

मंगळवारी रात्री मी तुझ्या हातातून फोन हिसकावून घेतला. तू एक शब्द बोलली नाहीस, भिंतीकडे तोंड करून झोपलीस. मला वाटलं, बरं झालं, एकदा खडसावायलाच हवं होतं.

गुरुवारी आईकडून कळलं, तू त्या रात्री काय बघत होतीस. मैत्रिणींनी तुला वगळून नवा ग्रुप केला होता. तू त्यांच्यापैकी एकीला विचारलं होतंस, "माझं काही चुकलं का?" आणि साडेअकरापर्यंत तिच्या उत्तराची वाट बघत होतीस. नेमका तेव्हा मी दारात उभा राहून ओरडलो, "आज तीन तास चाळीस मिनिटं!"

तो आकडा गेले कित्येक महिने माझ्या डोक्यात बसला होता. तुझ्या फोनचा आठवड्याचा रिपोर्ट मी ताप बघावा तसा बघायचो. चढला की चिडायचो, उतरला की निर्धास्त. पण त्या वेळात चित्रं काढायला शिकणं किती, अभ्यास किती आणि रडू दाबून बसणं किती, हे त्यात कुठेच नव्हतं. माझं चुकलं, मनू. मनापासून माफी मागतो.

त्यानंतर दोन दिवस मी या विषयावर मिळेल ते वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये तान्ह्या आणि लहान मुलांसाठी स्पष्ट सांगितलं आहे: वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच, तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त नको. तुझ्या वयासाठी मात्र २०२० च्या सूचनांत करमणुकीचा स्क्रीनवरचा वेळ मर्यादित ठेवा, एवढंच आहे. किती तास, ते नाही. म्हणजे ज्या आकड्यावरून मी तुझ्याशी भांडत होतो, तो मीच ठरवलेला होता.

अभ्यासकांचंही एकमत नाही. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. मुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला फार तर ०.४ टक्के भाग तंत्रज्ञानाच्या वापराशी जोडता येतो, असं त्यांना आढळलं. याउलट २०२३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे लोकांच्या आरोग्याबद्दल सरकारतर्फे सल्ला देणारे प्रमुख डॉक्टर, विवेक मूर्ती यांनी इशारा दिला, की रोज तीन तासांहून जास्त वेळ समाजमाध्यमांवर घालवणाऱ्या मुलांमध्ये नैराश्य आणि चिंतेची लक्षणं असण्याचा धोका दुप्पट असतो. यातलं तुला सोयीचं किंवा मला सोयीचं तेवढं उचलायचं नाही, म्हणून दोन्ही लिहिलं. शिवाय अशा आकड्यांतून आधी काय आणि नंतर काय हे कळत नाही. फोनमुळे मूल खचतं, की खचलेलं मूल फोन हातात घेऊन बसतं? मंगळवारी तू आधीच दुखावलेली होतीस.

झोपेबद्दल मात्र मला शंका उरलेली नाही. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. स्क्रीनच्या उजेडानं मेलाटोनिन, म्हणजे झोप आणणारं संप्रेरक, उशिरा पाझरतं. पण त्या रात्री तुला जागं ठेवलं ते उजेडानं नव्हे, न आलेल्या उत्तरानं. रात्री अकराला असं एखादं दुःख सकाळच्यापेक्षा चौपट मोठं वाटतं. मी हे स्वतः भोगलं आहे. मुलांना रात्रीतून फोन जवळ देऊ नये असं मला वाटतं त्याचं खरं कारण हे आहे. त्या वेळी जवळ माणूस हवं.

आणखी एक गोष्ट तुला माहीत असावी. बोटानं सरकवत राहावं आणि पान कधी संपूच नये, ही रचना २००६ मध्ये अझा रास्किन नावाच्या माणसानं केली. पुढे त्यानंच तिच्याबद्दल उघडपणे खेद व्यक्त केला. थांबायची जागाच काढून टाकली, की थांबणं अवघड होतं, मोठ्यांनाही. म्हणून तुला थांबता आलं नाही, तर तुझ्यात काही खोट आहे असं समजू नकोस. मी तसं तुला बोललो होतो. तो शब्द मी परत घेतो.

यापुढे मी तास मोजणार नाही. फोन खाली ठेवल्यावर तू कशी असतेस, ते बघेन. पेन्सिलीनं छायाछटा द्यायचे व्हिडिओ बघून उठलीस, की तू कागद शोधत फिरतेस, बडबडत असतेस. दुसऱ्यांचे फोटो बघून उठलीस, की आरशासमोर जाऊन गप्प उभी राहतेस. हे मला कधीपासून दिसत होतं आणि मी तरीही घड्याळाकडेच बघत राहिलो. तुलाही ते आतून कळत असणार.

रात्री साडेनऊनंतर घरातले सगळे फोन बाहेरच्या खोलीतल्या खणात राहतील. सगळे, म्हणजे माझाही. मी तुझ्याशी बोलताना खाली बघत असतो, हे तू दोनदा सांगितलंस आणि दोन्ही वेळा मी "एक मिनिट" म्हणालो. ते आता होणार नाही. उठायला गजराचं घड्याळ आणून ठेवलं आहे. ही एक गोष्ट मी ठरवली आहे, ती बदलणार नाही. बाकीचं तू आणि मी मिळून ठरवू.

तुझे मेसेज मी वाचणार नाही. पण कुणी धमकावलं, नको तो फोटो मागितला, किंवा जगणं नकोसं वाटण्याचा विचार एकदा जरी मनात आला, तर माझ्याकडे किंवा आईकडे ये. रात्री दोनलाही उठव. फोन काढून घेतील या भीतीनं मुलं असं काही लपवतात. तुझ्याबाबतीत तसं होणार नाही, हा माझा शब्द. गरज वाटली तर समुपदेशकाकडे जाऊ, मी बरोबर येईन.

त्या मैत्रिणीचं उत्तर आलं का, हे मी विचारणार नाही. तुला सांगावंसं वाटलं, तर मी संध्याकाळी घरीच आहे.

पत्राची मागची बाजू कोरी ठेवली आहे. दिवसातला कोणता वेळ तुला फोनसाठी हवा आणि कशासाठी, ते तिथे लिही. मला काय बंद करायला सांगायचं असेल, तर तेही.

तुझा,
बाबा