निवडीचा आकडा पुरेसा नाही

मा. संपादक महोदय,

अमेरिकेतील कोणत्या विद्यापीठाने अमेरिकन फुटबॉलचे सर्वाधिक व्यावसायिक खेळाडू घडवले, या प्रश्नावर नोटर डेम आणि सदर्न कॅलिफोर्निया ही नावे सांगून चर्चा संपवली जाते. दोघांचेही ५०० हून अधिक खेळाडू एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी महाविद्यालयीन खेळाडू फेरीफेरीने निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, निवडले गेले, हे खरेच. परंतु १९३६ साली सुरू झालेल्या या निवडप्रक्रियेत एकेकाळी ३० फेऱ्या असत, तर १९९४ पासून त्या अवघ्या ७ आहेत, त्यामुळे तेव्हाची आणि आताची नावे एकाच मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते. २०२२ मध्ये जॉर्जिया विद्यापीठाचे १५ खेळाडू ७ फेऱ्यांत निवडले गेले, आणि २०२१ मध्ये अलाबामा विद्यापीठाचे सहा जण पहिल्याच फेरीत. ही कामगिरी मला अधिक वजनदार वाटते.

अर्थात, शाळांतील उत्तमोत्तम मुले आधीच अशा विद्यापीठांकडे वळतात, तेव्हा घडवण्याचे श्रेय किती आणि वेचण्याचे किती, हेही विचारायला हवे. पुढे या खेळातील दिग्गज ठरलेला जेरी राइस मिसिसिपी व्हॅली स्टेटसारख्या लहान विद्यापीठातून आला. तसाच दिग्गज ठरलेल्या, मिशिगन विद्यापीठाच्या टॉम ब्रेडीची निवड तर १९९ व्या क्रमांकावर झाली. क्रमवारी लावायचीच असेल, तर खेळाडू व्यावसायिक संघांत किती हंगाम टिकले, हे मोजावे.

आपला,
एक क्रीडाप्रेमी वाचक