फोटोत चौघे, नाव एकाचंच

मा. संपादक,

कालच्या रविवार पुरवणीतला रँडी ओवेनवरचा लेख वाचला. छान लिहिलाय, पण हेडिंग कुणी दिलं ते कळेना, ‘बँडच्या सावलीतून बाहेर’. कसली सावली हो? अलाबामा या अमेरिकन कंट्री म्युझिक बँडचा लीड सिंगर तोच, स्टेजच्या मधोमध तोच, १९८० पासून सलग २१ गाणी कंट्री चार्टवर एक नंबरला गेली (ख्रिसमसचं एक सोडा) ती लोकांनी ऐकली याच्याच आवाजात. सावलीत कुणी असतील तर बाकीचे तिघे, आणि ते अजून तिथंच आहेत हे तुम्ही फोटोखाली छापून दाखवलंत, ‘रँडी ओवेन व सहकारी’.

सहकारी म्हणे! टेडी जेन्ट्री आणि जेफ कुक त्याचे नात्यातले भाऊ, अलाबामा राज्यातल्या फोर्ट पेन गावचेच. १९७३ पासून मर्टल बीचच्या ‘बोवरी’ बारमध्ये उन्हाळाभर लोक देतील त्या टिपांवर वाजवायचे, आरसीए या रेकॉर्ड कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट मिळायला १९८० उजाडलं. कुक एकटा गिटार, फिडल, की-बोर्ड तिन्ही सांभाळायचा. ड्रमर मार्क हर्नडन १९७९ ला आला. चार नावं छापायला जागा नव्हती, आणि खाली गादीच्या सेलची जाहिरात मात्र मस्त पसरून बसलीय.

मला हे एवढं का लागलं ते सांगतो. मी सोलापुरात बरीच वर्षं एका ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवला. गणपतीत, नवरात्रात एकाच टेम्पोत स्पीकरच्या खोक्यांवर बसून फिरायचो. आमच्या गायकाला चांगलं नाव झालं, मग एक दिवस बॅनर बदलला, वर त्याचा हा मोठा फोटो आणि खाली बारीक अक्षरात ‘व सहकारी’. माणसं तीच, गाणी तीच, फक्त सुपारी दुप्पट झाली आणि आमची नाईट होती तेवढीच राहिली. पुढे त्याचा नागरी सत्कार झाला तेव्हा त्याने भाषणात मंडपवाल्याचंसुद्धा नाव घेतलं. आम्ही समोर पाचव्या रांगेत बसलेलो, ढोलकीवाला माझ्या शेजारी, तो काही न बोलता उठून चहा प्यायला गेला तो परत आलाच नाही. असो.

ओवेनने सोलो करू नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. २००४ ला बँडची फेअरवेल टूर संपली, २००५ ला कंट्री म्युझिकच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले, मग घरी बसून काय करणार, २००८ ला अट्ठावन्नाव्या वर्षी जॉन रिच या कंट्री गायकाला प्रोड्युसर घेऊन पहिला सोलो अल्बम काढला. आवाज होताच की. पण त्यातली सिंगल्स टॉप ४० मध्येसुद्धा शिरली नाहीत, हे तुमच्या लेखकाने अलगद गाळलं, कारण मग ‘नवी भरारी’ कशी लिहिणार? बरं, बँडचे पूर्वीचे अल्बम लाखांनी खपले होते, गाणारा माणूस तर तोच, मग कमी काय पडलं? लेखकसाहेबांनी जरा विचार करावा.

आणि २०११ च्या वादळांनी अलाबामा राज्य उद्ध्वस्त झालं तेव्हा मदतीसाठी बर्मिंगहॅमला मोठा कार्यक्रम झाला, त्यात हाच ओवेन जेन्ट्री आणि कुकला बरोबर घेऊन स्टेजवर आला. पुढे परत टूरही केल्या. कुक पार्किन्सनने खचत गेला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये वारला. त्यातलं एक अक्षर लेखात नाही. माझी मुलगी अटलांटाला असते, तिथून फोर्ट पेन गाडीने दोनेक तासांवर, ती जाऊन आलीय. गावात पुतळे आहेत ते बँडचे, एकट्या ओवेनचा नाही. एकेकाळचं मोज्यांच्या कारखान्यांचं गाव ते, पण त्यांना कळतं.

तेव्हा पुढच्या रविवारी त्या फोटोतली चारही नावं छापा, छोट्या चौकटीत छापलीत तरी चालेल. आणि जाता जाता, शब्दकोड्याचं उत्तर हल्ली कुठल्या वारी येतं तेही एकदा जाहीर करा, बायको रोज पेपर उलटापालटा करते आणि चष्मा माझा हरवतो.

आपला,
एक जुना ऑक्टोपॅडवाला, सोलापूर