माथेरान : दस्तुरीवर एक खरा फलक लावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की पुरवण्यांतून ‘एका दिवसात माथेरान’ छापाचे लेख येऊ लागतात. पॉइंटांची लांबलचक यादी, लाल माती, मिनी ट्रेन, चिक्की-चपला, की झाले माथेरान. या लेखांत जे नसते त्याचा फायदा दस्तुरी नाक्यावर, म्हणजे गाड्या जिथे थांबतात तिथे, उठवला जातो. गाडी लावून उतरलेल्या पर्यटकाला पहिले वाक्य ऐकू येते, ‘पुढे सात-आठ किलोमीटर चढ आहे, चालत जमणार नाही.’ प्रत्यक्षात दस्तुरीपासून बाजारपेठ जेमतेम अडीच किलोमीटर आहे, रस्ता बहुतेक सावलीतला आहे, चढ सौम्य आहे. सामान बेताचे असेल तर पाऊण तासात माणूस आरामात पोहोचतो. या फसवणुकीला कंटाळून मार्च २०२५ मध्ये गावकऱ्यांनाच गाव बंद ठेवावे लागले. तरीही नाक्यावर सहज वाचता येईल असा, अंतरे आणि दर सांगणारा एक नीट फलक असावा, एवढी साधी गोष्ट होत नाही.

त्या फलकावर सर्वांत वर नकाशा हवा, कारण माथेरान डोंगरमाथ्यावर असले तरी तो सरळसोट एकच माथा नाही. मलंगगड, चंदेरी, नाखिंद, पेब अशी जी रांग दक्षिणेकडे येते, तिच्यातले हे सुमारे ८०० मीटर उंचीचे पठार. मधला भाग रुंद, कडेने सोंडा फुटलेल्या. पूर्वेला उल्हासचे खोरे आणि त्यापलीकडे सह्याद्रीची मुख्य भिंत, पश्चिमेला खोल दरी आणि समोर प्रबळगड, दक्षिणेला चौकचा सखल भाग आणि नवी मुंबईला पाणी पुरवणारे मोरबे धरण. सगळे पॉइंट या पठाराच्या कडेकडेने आहेत. म्हणून एका दिवसात ‘सगळे’ पाहायचे म्हटले की घोड्यावरून नुसती धावाधाव होते, आणि शेजारशेजारच्या चार कठड्यांवरून तीच दरी चार वेळा दाखवून चार पॉइंट मोजले जातात.

शहाण्याने एका वेळी एक बाजू धरावी. हाताशी फक्त दुपार असेल तर पश्चिमेची. बाजारातून शार्लोट लेक आणि त्याकाठचे पिसारनाथाचे देऊळ, तिथून एको, मग लुईझा, आणि सूर्यास्ताला पॉर्क्युपाइन. लुईझावरून प्रबळगडाचे पठार डोळ्यांच्या पातळीला येते. कलावंतिणीचा सुळका कुठला, हे विचारावे लागत नाही. सूर्यास्तानंतर परतीची वाट रानातून आहे आणि झाडांची मुळे वाटेवर उघडी पडलेली आहेत, तेव्हा टॉर्च हवाच. मोबाइलच्या उजेडावर भागत नाही. पॅनोरमा पॉइंट अगदी उत्तर टोकाला, बाजारापासून जवळजवळ पाच किलोमीटर. तो सकाळचा. तिथे जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडतो आणि बहुतेक ‘पॅकेजां’तून तो गुपचूप गळतो. रामबाग, अलेक्झांडर आणि वन ट्री हिल ही दक्षिणेकडची तिसरी फेरी. एकच रात्र राहणाऱ्याने यांतल्या दोन कराव्यात, तिसरीचा हट्ट धरू नये.

फलकावर इतिहासालाही चार ओळी द्याव्यात, पण त्या मॅलेटवर संपू नयेत. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये चौकहून वर चढले, हे खरे. इंग्रजांनी ‘शोध लावला’ म्हणताना खालच्या वाड्यांतले ठाकूर, कातकरी, धनगर या वाटांनी रोज ये-जा करत होते, हेही लक्षात ठेवावे. पुढे गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात बंगले उठले, पारशी आणि बोहरी धनिक आले. त्यांपैकी आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःच्या पैशाने नेरळ-माथेरान रेल्वे बांधली. १९०७ मध्ये ती सुरू झाली. आणि ज्यांचे नाव पर्यटनाच्या याद्यांत सहसा सापडत नाही ते वीर भाई कोतवाल याच गावचे. जन्म १ डिसेंबर १९१२, पेशाने वकील, इथल्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष. १९४२ च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्ता या भूमिगत गटाने विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. गावातले त्यांचे स्मारक पाहायला ना घोडा लागतो ना रिक्षा.

रेल्वेबद्दल सर्वांत जास्त गैरसमज. दोन फुटी रुळांची ही गाडी नेरळहून जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज करत सुमारे २१ किलोमीटरचा घाट चढते. काही ठिकाणी चढ वीसास एक, म्हणजे वीस फुटांमागे एक फूट आहे. प्रवासाला दोन तासांच्या वर लागतात, तेव्हा घाई असणाऱ्याने तिच्या नादी लागू नये. पावसाळ्यात घाटातली गाडी बंद असते, कारण दरड येते आणि रुळांखालची खडी वाहून जाते. २६ जुलै २००५ च्या पावसानंतर मार्ग पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडले; २०१९ च्या पावसात तुटलेला मार्ग ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला. अमन लॉज ते माथेरान ही शटल मात्र पावसातही चालते. लोक ‘ट्रेन बंद’ एवढेच ऐकतात आणि मुकाट्याने घोडा करतात. अमन लॉज स्टेशन दस्तुरीच्या पार्किंगपासून चार पावलांवर आहे, पण तिथे नेणारी खूण शोधावी लागते. शटलचे तिकीट गाडीच्या आधी थोडाच वेळ मिळते, शनिवार-रविवारी रांग मोठी असते. म्हणून घरातल्या एकाने आधी रांगेत उभे राहावे आणि बाकीच्यांनी प्रवासी कराची पावती करावी.

आता वाहनांचे. माथेरान ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने पर्यावरण संवेदनशील क्षेत्र ठरले, आणि रुग्णवाहिकेसारखा अपवाद सोडला तर गावात मोटार येत नाही. माणसाने माणसाला ओढायचे हातरिक्षांचे काम मात्र चालूच राहिले. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अमानुष प्रथा सहा महिन्यांत संपवून हातरिक्षावाल्यांना ई-रिक्षा देण्यास सांगितले. ई-रिक्षांचे थांबे, वेळा आणि माणशी दर हे फलकावर ठळक अक्षरांत हवेत. तोंडी सांगितलेला दर रांगेच्या लांबीप्रमाणे फुगतो.

मातीच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक घालावेत की नाही, हा वाद बाहेरच्यांना क्षुल्लक वाटतो. तो तसा नाही. वरचा थर जांभ्याचा आणि त्याची लाल माती. घोड्यांच्या टापांनी ती सुटी होते, उन्हाळ्यात लीद मिसळून नाकातोंडात जाते, आणि जूनच्या पहिल्या जोरदार सरीबरोबर दरीत उतरते. ब्लॉक घातले तर धूळ थांबते, पण शेवाळ धरल्यावर घोडे घसरतात. न्यायालयाने दस्तुरी ते शिवाजी महाराज पुतळ्याच्या मुख्य रस्त्याला ब्लॉक आणि आतल्या वाटा मातीच्याच, अशी जी विभागणी केली ती आमच्या मते योग्य आहे. मात्र मातीच्या वाटांना आडव्या दगडी मोऱ्या आणि कडेची गटारे दर मे महिन्यात साफ झाली नाहीत, तर पाणी वाटेवरूनच धावते आणि वाट दरवर्षी थोडी खोल जाते.

याच सच्छिद्र जांभ्यामुळे इतका पाऊस कोसळूनही माथ्यावर पाणी ठरत नाही. शार्लोट लेक एकटा पुरत नाही म्हणून उल्हासचे पाणी टप्प्याटप्प्याने पंपाने वर चढवावे लागते. हॉटेलात बादलीऐवजी शॉवर मागणाऱ्यांनी हे वाचले तर बरे. पावसाळ्यात कड्याची कडही फसवी असते. वरून गवताळ, पण खालची माती पाण्याने पोखरलेली. रेलिंग ओलांडून फोटो काढणारा माणूस किती उथळ आधारावर उभा आहे, ते त्याला वरून दिसत नाही. माकडांसाठी एकच नियम, हातात प्लास्टिकची पिशवी नको. खाऊ चेन लावलेल्या सॅकमध्ये ठेवावा.

तेव्हा नगर परिषदेकडे आमची मागणी एवढीच, की कर नाक्याच्या खिडकीशेजारी मराठी, हिंदी आणि इंग्रजीत फलक लावावा. त्यावर नकाशा, प्रत्येक पॉइंटचे किलोमीटर आणि पायी लागणारा वेळ, शटलचे त्या दिवसाचे वेळापत्रक, ई-रिक्षा, घोडा आणि हमाल यांचे मंजूर दर, आणि तक्रारीसाठी चालू असलेला दूरध्वनी क्रमांक असावा. दर बदलले की तारखेसह नवी पट्टी चिकटवावी. कराच्या पावतीच्या कोऱ्या पाठीवर हाच नकाशा छापला, तर वेगळा खर्चही येणार नाही.

आपले,
नेरळ-माथेरान परिसरातील काही वाचक