आधी टीव्हीचं मॉडेल विचारलंत, त्याबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

घरच्या मीडिया सर्व्हरसाठी केलेल्या मदतीबद्दल फोनवर तुमचे आभार मानले, पण त्यानं माझं समाधान झालं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे. घरचे फोटो, नाटकांच्या व्हीसीडी आणि आजीच्या ओव्यांच्या कॅसेट एका जागी आणून घरभर बघता-ऐकता याव्यात, असं वाटणारे पुष्कळ आहेत. ‘त्यासाठी मशीन कुठलं घेऊ?’ इथेच त्यांचं घोडं अडतं. तुम्ही मला ज्या क्रमानं विचार करायला लावलंत, तो त्यांच्याही उपयोगी पडावा.

मी विचारलं होतं, रास्पबेरी पाय (एका छोट्या पाटीवर मावणारा संगणक) घेऊ की मिनी पीसी? तुम्ही उत्तर दिलं नाहीत. उलट टीव्हीचं मॉडेल विचारलंत, फाइली कुठल्या प्रकारच्या आहेत ते विचारलंत, आणि एका वेळी घरात किती जण बघणार, तेही. त्या रात्री मी टीव्हीच्या मागे टॉर्च घेऊन मॉडेल नंबर शोधत होतो तेव्हा त्याचा मशिनशी काय संबंध, हे मला कळत नव्हतं. आता कळतं. टीव्हीला फाइल जशीच्या तशी समजत असेल तर सर्व्हरला, म्हणजे फाइली ठेवून घरभर पुरवणाऱ्या मशिनला, ती डिस्कवरून उचलून पुढे सरकवायची असते, बाकी काही नाही. ते काम कुठलाही जुना प्रोसेसर करतो. टीव्हीला ती समजत नसेल तर चालू असतानाच दुसऱ्या प्रकारात बदलून द्यावी लागते, म्हणजे ट्रान्सकोडिंग, आणि खरा कस तिथे लागतो.

आमचा टीव्ही जुना. भाच्याच्या फोनवर काढलेले व्हिडिओ एचईव्हीसी या व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या प्रकारात, त्यातले काही १० बिटचे, म्हणजे रंगांच्या जास्त छटा असलेले, आणि ते त्याला मुळीच चालत नाहीत. त्यामुळे आमच्याकडे ट्रान्सकोडिंग रोजचंच असणार, हे तुम्ही लगेच ओळखलंत. रास्पबेरी पाय ५ वेगवान आहे, पण त्यात एचईव्हीसी उलगडणारा भाग असला तरी व्हिडिओ पुन्हा एन्कोड करणारा भाग नाही, ते ओझं मुख्य प्रोसेसरवरच येतं, हे तुम्ही सांगितलंत. फक्त फाइली ठेवायच्या आणि गाणी ऐकायची असती तर तुम्हीच मला पाय घ्यायला लावला असता, हेही खरं.

इंटेलच्या प्रोसेसरमध्ये पिढी बघायची, ही तुमची दुसरी शिकवण. सहाव्या पिढीची मशिनं स्वस्तात दिसतात, पण १० बिट एचईव्हीसी नीट पेलण्याची सोय सातव्या पिढीपासून आली. नवं घ्यायचं तर २०२३ साली आलेला इंटेलचाच एन१०० प्रोसेसर होता: चार कोअर, ६ वॉट टीडीपी (काम करताना निघणाऱ्या उष्णतेचं माप), एव्ही१ हा एचईव्हीसीसारखाच आणखी नवा प्रकारसुद्धा उलगडतो. तरी तुम्ही ऑफिसातून निघालेल्या, हातभर जागेत मावणाऱ्या आठव्या पिढीच्या पेटीकडे बोट दाखवलंत. आय५-८५००टी, सहा कोअर. नावातल्या शेवटच्या ‘टी’कडे लक्ष द्या म्हणालात, कारण साधा ८५०० हा ६५ वॉटचा आणि टी ३५ वॉटचा. एव्ही१ त्याला येत नाही, पण आमच्याकडे एव्ही१ची एकही फाइल नाही. आत एसएसडीवर सिस्टिम बसली, शिवाय अडीच इंची डिस्कला जागा मिळाली. यूएसबीला लोंबणारी डिस्क नाही, वेगळा चार्जर नाही, मेमरी कार्ड खराब होण्याची धास्ती नाही.

विजेचा हिशेब तर तुम्ही वहीच्या पानावर करून दिलात, आणि ते पान मी जपून ठेवलं आहे. वर्षाचे तास ८७६०. दहा वॉट खाणारं मशीन वर्षाला ८७.६ युनिट घेतं. घरातला जुना डेस्कटॉप ८० वॉट खात असेल तर ७०० युनिट होतात, म्हणजे महिन्याला ५८च्या आसपास. महावितरणच्या बिलात १०० आणि ३०० युनिटांनंतर दर चढतात. आधीच काठावर असलेल्या घरात हे ५८ युनिट थेट महागड्या टप्प्यात पडतात. प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर तुम्ही स्वतःचा पाठवलात. कोणी काही बघत नसताना आमची पेटी दहाच्या आसपास दाखवते.

सगळ्यात मोठे उपकार मात्र मशिनबद्दलचे नाहीत. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात घुसलं तेव्हा आमच्या कपाटातले अल्बम गेले. लग्नाचे, मुंजीचे, आजोबांच्या साठीचे. कॅसेट माळ्यावर होत्या म्हणून राहिल्या. हे ऐकल्यावर तुम्ही क्षणभर थांबलात आणि म्हणालात, ‘दुसरी डिस्क चिपळुणात ठेवायची नाही.’ दोन डिस्क एकाच पेटीत आरशासारख्या चालवल्या तरी तो बॅकअप नव्हे. पाणी दोन्हींवर येतं आणि चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून जाते. आता एक प्रत बहिणीकडे सांगलीला असते आणि सणावाराला येताजाता बदलली जाते. सांगलीलाही कृष्णेचा पूर येतो, म्हणून तिच्या तिसऱ्या मजल्यावर.

सर्व्हरवरच्या फाइली टीव्हीवर दाखवणारं जेलीफिन तुम्ही बसवून दिलंत. २०१८च्या अखेरीस एम्बी या तशाच सॉफ्टवेअरचा कोड बंदिस्त झाल्यावर स्वयंसेवकांनी वेगळं काढून वाढवलेलं हे सॉफ्टवेअर, फुकट आणि खुलं. त्या अनोळखी माणसांचेही आभार मानायला हवेत. सबटायटलमध्ये देवनागरीऐवजी चौकोन दिसायला लागले तेव्हा सर्व्हरवर देवनागरी फाँटच नाही, हे तुम्ही फोनवरूनच ओळखलंत. आईला ऐकायला कमी येतं. व्हिडिओत कोण काय म्हणतंय, ते आता ती मराठीत वाचते.

पावसाळ्यात वीज जाते-येते. बायोसमध्ये, म्हणजे मशिनच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय तुम्ही आठवणीनं लावलीत, त्यामुळे मी घरी नसलो तरी कोणाला बटण दाबावं लागत नाही. राउटरचं पोर्ट १०० एमबीपीएसचं निघालं. तिथे एक टेराबाइट हलवायला अख्खा दिवस लागतो, गिगाबिट स्विच (दसपट वेगानं वायरी जोडणारी डबी) लावला की अडीच-तीन तास. त्या स्विचचे पैसे तुम्ही अजून घेतलेले नाहीत. कृपा करून घ्या.

आता रत्नागिरीची मावशी म्हणते, मलाही असंच काहीतरी हवं. मी तिला टीव्हीचं मॉडेल विचारलं. तो नवा आहे, सगळं थेट चालवतो, आणि बघणारी ती एकटीच. त्यामुळे तिला रास्पबेरी पायच पुरेल असं मला वाटतं. तुमचं मत कळवा, मग मागवतो.

तुमचा ऋणी,
चिपळूणचा धाकटा भाऊ