ते शब्द पो यांचेच आहेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत हॅलोविनवर एक लेख आला आहे. त्यातला बराचसा भाग आपल्याकडच्या सोसायट्यांमधल्या भोपळ्यांविषयी आणि चेटकिणीच्या टोप्यांविषयी आहे; त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण शेवटच्या दोन परिच्छेदांत ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेच्या हॅलोविन भागांचा समाचार घेताना लेखकाने लिहिले आहे की, हे भाग म्हणजे उसन्या भयकथांची टवाळी आहे आणि पहिल्या भागातली डोमकावळ्याची ‘बडबडगीते’ कार्टूनवाल्यांनी पोरांना हसवण्यासाठी रचली आहेत. हे वाचले, पुरवणी बाजूला ठेवली आणि कपाटातून माझी जुनी वही काढली. ती बडबडगीते नाहीत. ती अमेरिकन कवी एडगर ॲलन पो यांची ‘द रेव्हन’ ही कविता आहे, २९ जानेवारी १८४५ रोजी न्यूयॉर्कच्या ‘इव्हनिंग मिरर’मध्ये छापून आलेली. त्या कथेच्या श्रेयनामावलीत मालिकेचे लेखक सॅम सायमन यांच्या जोडीने पो यांचेही नाव लेखक म्हणून दिलेले आहे. मृत्यूनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी एका कवीला दूरचित्रवाणीवर असे मानाने बसवले गेले आणि आपण छापतो की ही बडबडगीते आहेत. मला हे सहन झाले नाही, म्हणून हे पत्र.

मी मिरजेत कनिष्ठ महाविद्यालयात एकतीस वर्षे इंग्रजी शिकवले. ‘द रेव्हन’ अभ्यासक्रमात नव्हती. तरी दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या तासाला मी ती बारावीच्या वर्गात वाचून दाखवत असे, कारण त्या तासाला मुलांचे लक्ष नसतेच आणि पाठ्यपुस्तक उघडण्यात काही अर्थ नसतो. अठरा कडवी. वाचताना माझ्या अंगावर काटा यायचा आणि मुले जांभया द्यायची. मध्यरात्री एकटा बसलेला माणूस, मेलेली प्रिया, खिडकीतून आलेला पक्षी, प्रत्येक प्रश्नाला तेच एक उत्तर, ‘नेव्हरमोअर’. मुलांना शब्द अवघड जात आणि अवघड शब्दांमागची भीती त्यांच्यापर्यंत पोचतच नसे.

अशाच एका दिवाळीत मी डोंबिवलीला भावाकडे गेले होते. भाचा नववीत होता. केबलवर ‘स्टार वर्ल्ड’ लावून तो हे कार्टून बघत बसे. मी स्वयंपाकघरात अनारसे तळत होते आणि बाहेरून आवाज आला, ‘वन्स अपॉन अ मिडनाइट ड्रिअरी…’ आवाज अमेरिकन अभिनेते जेम्स अर्ल जोन्स यांचा होता हे मला पुढे कळले. त्या क्षणी एवढेच कळले की ही ओळ कुणीतरी जशी वाचायला हवी तशी वाचते आहे. झारा हातात धरूनच मी बाहेर आले.

तो मालिकेचा पहिला हॅलोविन भाग, मूळ प्रसारण २५ ऑक्टोबर १९९०. मुले झाडावरच्या घरात बसून एकमेकांना गोष्टी सांगतात, म्हणून या भागांना पुढे कायमचे ‘ट्रीहाऊस ऑफ हॉरर’ नाव पडले. एका भागात तीन छोट्या कथा. तिसऱ्या कथेत मुलगी लिसा पुस्तकातून पो वाचायला लागते आणि ती कविता आपल्यासमोर घडू लागते. बाप होमर हा कवितेतला शोकाकुल निवेदक. भिंतीवरच्या तसबिरीत आई मार्ज हीच मेलेली लेनोर, आणि तिचा उंच निळा केशसंभार एका चौकटीत मावत नाही म्हणून वर दुसरी चौकट जोडलेली. पोरगा बार्ट डोमकावळा. मजकूर कापून लहान केला आहे, पण जे आहे ते पो यांचे आहे. मध्ये एकदा बार्ट ‘नेव्हरमोअर’च्या जागी आपले नेहमीचे उर्मट वाक्य म्हणतो, तेव्हा लिसा गोष्ट थांबवून त्याला दटावते: तो पक्षी एकच शब्द बोलतो आणि तोच बोलणार. लेखकमहाशयांना या प्रसंगात टवाळी दिसली. मला तिथे माझीच जातकुळी दिसली. मूळ शब्दाला कुणी हात लावला की जिचा जीव वरखाली होतो, अशी बाई त्या कार्टूनमध्ये आठ वर्षांची होऊन बसली आहे.

त्यानंतरच्या वर्षी भाच्याने ती कथा सीडीवर उतरवून दिली. महाविद्यालयात प्रोजेक्टर नव्हता. स्नेहसंमेलनाचा स्पीकर मागून आणला आणि टेबलावरच्या लॅपटॉपभोवती तीसेक मुले दाटीवाटीने उभी केली. वर्गात कार्टून लावता, असे एका वरिष्ठ सहकाऱ्यांनी सुनावले ते वेगळेच. मुले तसबिरीतल्या केसांना हसली, डोमकावळ्याने होमरच्या डोक्यावर पो यांचीच पुस्तके पाडली तेव्हा हसली. मग हसू विरत गेले, कारण होमर लेनोरला विसरता यावे म्हणून तळमळत होता आणि पक्षी तेच एक उत्तर देत होता. कथा संपल्यावर कृष्णाकाठच्या गावातून येणारा, एरवी कधी तोंड न उघडणारा एक मुलगा म्हणाला, “म्हणजे मॅडम, ह्याच्यासाठी कावळा शिवतच नाही.” वर्ग एकदम शांत झाला. एकतीस वर्षांत या कवितेचे इतके नेमके रसग्रहण मी कुणाकडून ऐकले नाही, माझ्या स्वतःकडूनही नाही. त्या दिवशी मी अठराच्या अठरा कडवी वाचली आणि पहिल्यांदाच कुणीही घड्याळाकडे पाहिले नाही.

आता हसण्याविषयी. लेखकांचा समज असा दिसतो की भय आणि हसू यांची सरमिसळ हा अलीकडचा बाजारू उद्योग आहे. पो यांनी १८४६ साली ही कविता आपण कशी रचली यावर एक निबंध लिहिला. त्यात ते सांगतात की ध्रुवपदाचा शब्द बोलायला त्यांच्या मनात आधी पोपट आला होता, मग त्यांनी डोमकावळा पक्का केला. आणि तो पक्षी खोलीत येतो त्या प्रसंगाला आपण मुद्दामच हास्यास्पदतेच्या सीमेपर्यंत नेले, हेही ते स्पष्ट लिहितात. कवितेतला दुःखी माणूस पक्ष्याचा तो भारदस्त थाट पाहून आधी चक्क हसतो. उत्तरे काळजाला घरे पाडू लागतात ती नंतर. म्हणजे कार्टूनवाल्यांनी हसू बाहेरून आणून चिकटवलेले नाही. कवितेत होते ते त्यांनी ओळखले, आणि ज्याला हे ओळखता येते त्याने कविता नीट वाचलेली असते.

‘उसने’ या शब्दावरही मला बोलायचे आहे, कारण विडंबन उसनवारीवरच उभे असते. केशवसुतांची ‘आम्ही कोण?’ ज्याला ठाऊक नाही त्याला अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये तिचे काय केले हे कसे कळणार? विडंबनाला मूळ साचा आतून ठाऊक असावा लागतो. सिम्पसन्सवाल्यांना तो किती आतून ठाऊक होता याचा माझा आवडता दाखला त्याच पहिल्या भागातला आहे. परग्रहावरचे दोन हिरवे, एकडोळे प्राणी, कँग आणि कोडोस, सिम्पसन कुटुंबाला यानात नेऊन पंचपक्वान्ने खाऊ घालतात. लिसाला संशय येतो. तिला एक पुस्तक सापडते, नाव ‘माणसे कशी शिजवावीत’. हा साचा डेमन नाइट यांच्या १९५० सालच्या कथेतला. १९६२ साली ‘द ट्वायलाइट झोन’ने ती पडद्यावर आणली. तिथे परग्रहवासीयांच्या पुस्तकाच्या नावातल्या ‘सर्व्ह’ या शब्दाचे दोन अर्थ, सेवा करणे आणि ताटात वाढणे, आणि शेवटी दुसरा अर्थ खरा निघतो. अमेरिकन प्रेक्षक त्या धक्क्याची वाट बघत बसलेला असतो. इथे मात्र पुस्तकावरची धूळ फुंकली जाते आणि एकेक लपलेला शब्द वर येतो: माणसांसाठी कसे शिजवावे, पुन्हा फुंकर, चाळीस माणसे कशी शिजवावीत, आणखी एक फुंकर, चाळीस माणसांसाठी कसे शिजवावे. मराठीत हा सगळा खेळ एका ‘साठी’वर चालतो, इंग्रजीत ‘फॉर’वर. शब्दयोगी अव्यय शिकवायला मला याहून चांगले उदाहरण मिळालेले नाही. आणि शेवटी ते प्राणी खरोखरच सज्जन निघतात, त्यांचा आचारी रडतो, आणि संशयापायी सिम्पसन मंडळी स्वर्गसुखाला मुकतात. जुन्या कथेचा धक्का माणसाच्या भोळेपणावर होता, इथे तो माणसाच्या संशयी स्वभावावर आहे. केवळ नक्कल करणाऱ्याला हे सुचत नाही.

झपाटलेल्या घराची कथाही तशीच. भिंतींतून रक्त, घराचा घोगरा आवाज, तळघरात मूळ अमेरिकी रहिवाशांचे दफनस्थान, हे सगळे १९७०-८०च्या दशकांतल्या अमेरिकन भयपटांचे ठरलेले सामान. असे चित्रपट पाहणारा प्रत्येक माणूस एकच विचारतो, ही माणसे घर सोडून निघून का जात नाहीत? या कथेने त्याचे उत्तर दिले: घर स्वस्तात मिळाले आहे. पै पै साठवून सदनिका घेतलेल्या कुठल्याही मराठी घराला हे कारण पटेल. शेवटी, या कुटुंबाबरोबर राहायचे की नाही, हे ठरवायची वेळ घरावर येते आणि घर स्वतःलाच नष्ट करून घेते.

१९९४च्या पाचव्या भागाविषयी थोडेच लिहिते. स्टीफन किंग यांच्या ‘द शायनिंग’ या १९७७च्या कादंबरीत, बर्फात अडकलेल्या कुटुंबाच्या मदतीला धावून येणारा आचारी जिवंत राहतो. स्टॅन्ली कुब्रिक यांनी १९८०च्या चित्रपटात मात्र त्याला येताक्षणीच कुऱ्हाडीने मारले. पाचव्या भागात शाळेचा माळी विली असाच मदतीला येतो आणि पाठीत कुऱ्हाड बसून मरतो. आणि एका कथेत नाही, तिन्ही कथांत. भयकथेतला मदतनीस नेहमी कसा फुकट मरतो हे त्यांनी तीनदा दाखवले. तिसऱ्यांदा मुले हसतात, पण त्याच वेळी त्यांना साचा दिसलेला असतो. गोष्ट कशी बांधतात हे शिकवायला मी एरवी फळ्यावर आकृत्या काढत असे.

एका बाबतीत लेखकांशी माझे दुमत नाही. हे सगळे भाग लहान मुलांसाठी नाहीत. त्याच पाचव्या भागातली शेवटची कथा, जिच्यात शिक्षक विद्यार्थ्यांनाच शिजवून खातात, ती मी तिसरी-चौथीच्या मुलाला दाखवणार नाही. पहिल्या भागाच्या सुरुवातीला मार्ज स्वतः पडद्यासमोर येऊन पालकांना सांगते की आज मुलांना लवकर झोपवा. हा प्रघात १९३१च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ चित्रपटाचा. तिथेही आरंभी एक गृहस्थ पडद्यासमोर येऊन प्रेक्षकांना सावध करतात. अलीकडचे जे काही भाग मी पाहिले त्यांत रक्त वाढले आहे आणि गोष्ट कमी झाली आहे. गाजलेल्या चित्रपटाचे नुसते बाह्य रूप घेतले जाते, आतला साचा उलगडला जात नाही. तिथे ‘टवाळी’ हा शब्द मी मान्य करीन. पण एका फटक्यात साऱ्यांना झोडपताना पहिल्या पाच-सहा वर्षांचे काम त्यात ओढू नये.

पहिला भाग संपतो तेव्हा मुले तक्रार करतात की कविता काही भीतीदायक नव्हती. लिसा म्हणते, १८४५ची आहे, तेव्हाच्या माणसांना घाबरवणे सोपे असेल. मुले निवांत झोपी जातात. चोरून ऐकणारा बाप मात्र दिवा मालवायला तयार नसतो. कवितेची भीती त्याच्यापर्यंत पोचलेली असते, कारण गमावण्यासारखे काही त्याच्यापाशी असते. सतरा वर्षांच्या मुलांनी जांभया का दिल्या, हे मला त्या प्रसंगाने समजले, आणि पुढे मी त्यांच्यावर कधी रागावले नाही.

तेव्हा आपल्याला विनंती की पुढच्या रविवारी एका ओळीची दुरुस्ती छापावी: त्या भागातली कविता एडगर ॲलन पो यांची आहे. लेखकमहाशयांना हवे असेल तर कार्टूनमध्ये कोणती कडवी ठेवली आणि कोणती गाळली याची नोंद माझ्या वहीत आहे. पानांच्या छायाप्रती मी आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर आजच टपालाने पाठवत आहे.

कळावे,
आपली एक नियमित वाचक
(निवृत्त इंग्रजी शिक्षिका), मिरज